पीटची सवय, सालीचा हिशोब

मार्च उजाडला की ब्रिटनमधल्या बागकामाच्या दुकानांपुढे फुगलेल्या प्लास्टिक पिशव्यांच्या थप्प्या लागतात. कुंड्यांत भरायचं मिश्रण त्यांत असतं. गेल्या दोन पिढ्या या मिश्रणाचा मोठा भाग होता पीट, म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचलेलं, पाण्याखाली हवेविना अर्धवट कुजलेलं स्फॅग्नम शेवाळ. आपल्याकडच्या रोपवाटिका वापरतात ते कोकोपीट नारळाच्या सोडणाचं असतं, त्याचा दलदलीशी संबंध नाही. हे खरं पीट थांबवावं आणि त्याजागी पाइन-स्प्रूसची कुजवलेली साल वापरावी, असं एक बाजू तीस-पस्तीस वर्षं सांगते आहे. दुसरी बाजू म्हणते, सांगणाऱ्याला रोपं विकून पोट भरायचं नसतं.

हा वाद मी दोन माणसांच्या तोंडी घातला आहे. वहिनी लेस्टरला राहतात. नगरपालिकेकडून भाड्यानं घेतलेल्या भाजीच्या तुकड्यावर, म्हणजे अलॉटमेंटवर, टोमॅटोपासून मेथीपर्यंत सगळं लावतात आणि पीटला हात लावत नाहीत. भावोजींची हयात लिंकनशायरमध्ये, स्पाल्डिंगच्या बाजूला, मोठ्या नर्सरीत रोपं वाढवण्यात गेली. दोघंही कल्पनेतले आहेत, मुद्दे मात्र खरे. माझा कल वहिनींकडे आहे, हे आधीच सांगतो. म्हणूनच भावोजींना मी मोकळेपणानं बोलू दिलं आहे.

भावोजी: वहिनी, टोमॅटोची खालची पानं पिवळी पडायला लागलीत. पीटमध्ये ही वेळ आली नसती.

वहिनी: नत्र कमी पडायला लागलंय, बाकी काही नाही. सालीत कर्ब भरपूर, नत्र थोडं. ती कुजवणारे जीवाणू आणि बुरश्या आपल्या पोटासाठी नत्र ओढून घेतात आणि रोपाला उरतं ते पुरत नाही. पिशवीत घातलेलं खत चार-सहा आठवडे चालतं. त्यापुढे दर आठवड्याला द्रवखत द्यायचं. मी आजपासून सुरू करतेय.

भावोजी: म्हणजे माध्यम विकत घ्या आणि वर त्याचं पोटही भरा.

वहिनी: पीट तरी कुठे काही खाऊ घालतं? त्यात अन्न जवळजवळ नसतंच. आंबटही इतकं की चुना घातल्याशिवाय बहुतेक रोपं त्यात तग धरत नाहीत. तुम्ही चुना घालता, खत घालता, ओलाव्यासाठी वेगळं औषध घालता. कारखान्यातच घालून येतं म्हणून दिसत नाही, एवढंच.

भावोजी: दिसत नाही कारण ते दर वेळी सारखं असतं! पीटची ताकद तीच आहे. या वर्षीची गाडी आणि पुढच्या वर्षीची गाडी यांत फरक नाही. वजनाला हलकं, तणाचं बी नाही, रोग नाही, पाणी धरतं, हवाही धरतं. माझ्या हाताखालची मुलं कुंडीला हात लावून सांगायची, आज पाणी हवं की नको. साल आली आणि तो हात निरुपयोगी झाला. वरून कोरडी ठक्क, म्हणून पाणी घालावं तर खाली चिखल.

वहिनी: हात निरुपयोगी झाला नाही, त्याला दुसरी खूण शिकवायला हवी. साल वरच्या बोटभर थरात पटकन वाळते, खाली ओल असते. बोट आत घाला, नाही तर कुंडी उचलून वजन बघा. पाणी थोडं थोडं आणि वारंवार घाला, एकदम ओतलं तर निचऱ्यातून खत वाहून जातं. नव्या तांदळाला जुन्या तांदळाचं पाणी घातलं तर भाताचा गोळा होतो, तांदूळ वाईट म्हणून नव्हे.

वहिनींच्या बाजूनं इथे एक भर घालतो. पीटची कुंडी एकदा पूर्ण वाळली की पाणी आत घेत नाही. ते कडेनं वाहून जातं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. ब्रिटनच्या माळ्यांना हे इतकं अंगवळणी पडलं आहे की कुंडी टबात बुडवून ठेवावी लागते हा त्यांना दोष वाटतच नाही. प्रत्येक माध्यमाचे नखरे असतात. पीटचे नखरे आपण सांभाळायला शिकलो आणि मग ते नखरे नव्हेतच असं मानू लागलो.

भावोजी: बरं, बागेपुरतं मान्य. पण ‘पीटशिवाय’ म्हणून मिळणाऱ्या सगळ्या पिशव्या काय तुमच्या पिशवीसारख्या असतात? मी अशा उघडल्यात की त्यातून काचेचे तुकडे, प्लास्टिक आणि न कुजलेल्या काटक्या निघाल्या. बी पेरलं तर उगवण अर्धी.

वहिनी: ते खरंय, आणि त्यामुळेच चांगल्या मालाचं नाव खराब झालं. स्वस्त पिशव्यांत पालिकेनं गोळा केलेला बागेचा कचरा कुजवून भरतात. त्यात क्षार जास्त असतात. कधी तणनाशकाचा अंशही राहतो, मग टोमॅटोचे शेंडे वळतात. मी सालीबद्दल बोलतेय. सॉ मिलमध्ये ओंडका सोलला की निघते ती साल. ती ढीग करून, उलटीपालटी करून, ओल आणि नत्र देऊन कुजवतात. ताज्या सालीत टॅनिन, राळेतली द्रव्यं असतात, ती मुळांना बाधतात, ढिगाच्या उष्णतेत ती जातात. मग चाळून बारीक साल कुंडीसाठी आणि जाड साल ऑर्किडसाठी किंवा वाफ्यावर पसरायला. ग्लॉस्टरशायरच्या मेलकोर्टचं ‘सिल्व्हाग्रो’ असं बनतं: बारीक साल, लाकडाचा तंतू आणि थोडं कोकोपीट. बी पेरायचं असेल तर मी ते पुन्हा चाळणीतून काढते.

भावोजी: आणि या चाळणीचं काम माझ्या नर्सरीत कोण करणार? आमच्याकडे बी पेरतं यंत्र, कुंडी भरतं यंत्र. लेट्यूसची रोपं तर कुंडीतही नसतात. काळं पीट दाबून त्याचा चौकोनी ब्लॉक करतात आणि तो ब्लॉक तसाच्या तसा शेतात यंत्रानं लावतात. सालीचा ब्लॉक करून दाखवा! हातात घेतलात की भुगा. पीट चिकटतं, साल चिकटत नाही. अळिंबीवाल्यांचंही तेच. त्यांना वरचा थर ओल धरणारा लागतो.

भावोजींचा हा मुद्दा मला सगळ्यांत वजनदार वाटतो. पीटविरुद्ध बोलणारे बहुधा घरची कुंडी डोळ्यांसमोर ठेवून बोलतात. पूर्व इंग्लंडच्या फेन्स या सखल प्रदेशातल्या सपाट शेतांत लागणारी लेट्यूसची रोपं हा वेगळा धंदा आहे, आणि तिथे चिकटणाऱ्या, दाबता येणाऱ्या माध्यमाला आजही सोपा पर्याय नाही.

वहिनी: ब्लॉकचं मान्य. पण बाजाराचा केवढा भाग ब्लॉकचा? सरकारनंच २०२२ मध्ये सांगितलं होतं की ब्रिटनमध्ये विकल्या जाणाऱ्या पीटपैकी सत्तर टक्के पिशव्यांतून हौशी लोकांकडे जात होतं. माझ्यासारख्यांकडे! चार पेटुनिया लावायला. आणि ही काही वाडवडिलांपासून चालत आलेली रीत नव्हे. १९३० च्या दशकात जॉन इन्स संस्थेत लॉरेन्स आणि न्यूवेल यांनी कुंडीचं मिश्रण ठरवलं: सात भाग माती, तीन भाग पीट, दोन भाग वाळू. म्हणजे मुख्य वाटा मातीचाच. नुसत्या पीटवर रोपं काढणं १९६० नंतर रुळलं, प्लास्टिकची कुंडी आणि गार्डन सेंटर आली तेव्हा. जेफ हॅमिल्टन यांनी बीबीसीच्या ‘गार्डनर्स वर्ल्ड’ या बागकामाच्या कार्यक्रमातून पीट सोडा म्हणून सांगितलं. १९९६ मध्ये ते गेले. लोक ऐकून हो म्हणाले आणि दुकानातून पीटच आणत राहिले.

भावोजी: आणि सरकार?

वहिनी: २०११ मध्ये म्हणालं, स्वखुशीनं सोडा: हौशींनी २०२० पर्यंत, व्यावसायिकांनी २०३० पर्यंत. २०२० आलं आणि गेलं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये जाहीर केलं की २०२४ पासून इंग्लंडमध्ये पिशवीतल्या पीटला बंदी. २०२४ उलटलं, कायदा आला नाही.

भावोजी: आणि माझ्यासारख्यांनी त्या तारखांवर भरवसा ठेवून यंत्रं बदलली असती, तर?

वहिनी: म्हणूनच म्हणते, तारीख दिली तर पाळा. धंद्याला कायदा परवडतो, टांगती तलवार परवडत नाही.

भावोजी: आता दलदलीचं बोलू. सगळा दोष कुंडीवर का? मी राहतो तिथून फार लांब नाही, केंब्रिजशायरमध्ये होम फेन आहे. तिथला लोखंडी खांब बघितलात?

वहिनी: बघितलाय.

हा खांब पाहण्यासारखा आहे. तिथलं मोठं तळं आटवून शेतजमीन केली, तेव्हा १८५१ च्या सुमारास हा खांब पीटमध्ये असा रोवला की त्याचं टोक जमिनीबरोबर राहिलं. आज तो माणसाच्या दुपटीहून उंच, सुमारे चार मीटर, उघडा उभा आहे. खांब वर आलेला नाही, जमीन खाली गेली आहे. पाणी काढलं, पीटला हवा लागली, ते आकसलं, कुजलं आणि त्यातला कर्ब हवेत गेला. हे कुंड्यांसाठी झालेलं नाही, गहू-बटाट्यासाठी झालं.

भावोजी: तेच म्हणतोय. ब्रिटनच्या दलदलींतून हवेत जाणाऱ्या कर्बाचा मोठा वाटा निचरा केलेल्या शेतीचा आहे. कुंडीसाठी पीट काढण्याचा वाटा त्यामानानं लहान. लहान चोराला पकडून मोठ्याला मोकळं सोडायचं?

वहिनी: मोठा चोर सगळ्यांना जेवू घालतो, म्हणून त्याच्याशी बोलायला वेळ लागेल. लहान चोर पेटुनिया वाढवतो. त्याच्याकडे आजच दुसरा मार्ग आहे. आणि तुम्ही वाटा लहान म्हणता, पण जागा बघा. कुंडीसाठी पीट निघतं ते सखल भागातल्या, मध्ये उंचवटा असलेल्या दलदलींतून, आणि ब्रिटनमध्ये त्या जवळजवळ उरलेल्याच नाहीत. पीट वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतं. हातभर खोल खणलं की काही शतकं गेली. जगाच्या जमिनीच्या तीनच टक्के भागावर या दलदली आहेत, पण जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडांत मिळून नाही एवढा कर्ब त्यांत आहे.

भावोजी: साल कुजली की तिचाही कर्ब हवेतच जातो.

वहिनी: जातो. पण स्प्रूसनं तो गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत हवेतून घेतला आणि त्याच जागी नवीन झाड लागलं तर पुन्हा घेतलाही जाईल. खोलवरच्या पीटमधला कर्ब येशूच्या आधीचा. तो परत जमिनीत जायला तेवढाच काळ लागेल. पीट किती जुनं ते बघा: सॉमरसेटच्या दलदलीत १९७० मध्ये पीट काढणाऱ्या रे स्वीट यांना एक फळी लागली. खाली लाकडी पायवाट निघाली, इसवी सनापूर्वी ३८०७ च्या आसपास तोडलेल्या झाडांची. जवळजवळ सहा हजार वर्षं पाण्यानं ती जपली.

भावोजी: पीट खणलं म्हणून सापडली ना?

वहिनी: खणलं म्हणून सापडली, आणि जिथे पाणी उपसलं तिथलं लाकूड सापडायच्या आधीच कुजलं. किती गेलं ते कुणालाच कळणार नाही.

भावोजी: बरं. मग तुमच्या सालीच्या झाडाला विचारतो, तू कुठे उगवलंस? स्कॉटलंडच्या उत्तरेला केथनेस आणि सदरलंडमध्ये फ्लो कंट्री आहे, युरोपातली सगळ्यांत मोठी पसरट दलदल. १९८० च्या दशकात करात सवलत मिळते म्हणून पैसेवाल्यांनी तिथे गुंतवणूक केली. दलदलीत नांगरानं चर पाडले, पाणी काढलं आणि रांगेनं सिट्का स्प्रूस लावलं. १९८८ च्या अर्थसंकल्पात ती सवलत बंद झाली. ती झाडं आता कापणीला आलीत. त्यांची साल तुमच्या पिशवीत आली, तर तुम्ही दलदल वाचवली की मारली?

हा प्रश्न मी कुठल्याही पिशवीवर छापलेला पाहिलेला नाही, आणि तो विचारायला हवा. सूचिपर्णी झाडांचे मळे ब्रिटनमध्ये पहिल्या महायुद्धानंतर सरकारी धोरणानं वाढले, आणि त्यांतले बरेच डोंगरमाथ्यावरच्या पीटवर आहेत. साल म्हणजे आपोआप निर्मळ, असं नव्हे.

वहिनी: ती झाडं लावली तेव्हा दलदल मारली. पण ती साल कुणी साल हवी म्हणून काढत नाही, झाड फळ्यांसाठी पडतं. आणि फ्लो कंट्रीत फोर्सिनार्डला आरएसपीबी ही पक्षी-संरक्षण संस्था हीच झाडं काढून चर बुजवतेय, पाणी परत चढवतेय. २०२४ मध्ये युनेस्कोनं त्या दलदलीला जागतिक वारसा म्हटलं. पण तुमचं म्हणणं मी सोडत नाही. साल कुठल्या मळ्यातली, हे पिशवीवर यायला हवं.

भावोजी: एवढी साल आहे कुठे? ब्रिटन लागणारं बहुतेक लाकूड बाहेरून आणतो. ते फळ्या होऊन येतं, साल स्वीडनमध्ये किंवा लाटव्हियात राहते. जी इथे निघते, तिच्यावर बॉयलरवाले टपलेले. उष्णतेसाठी लाकूड जाळणाऱ्यांना सरकारनं २०११ पासून अनुदान दिलं. सॉ मिलवाल्याला माळी आणि बॉयलर दोघंही गिऱ्हाईक. तो जास्त देणाऱ्याला देणार.

वहिनी: म्हणून इथे सहसा कुणी नुसत्या सालीचं मिश्रण करत नाही. लाकडाचा तंतू घालतात, कोकोपीट घालतात.

भावोजी: आणि कोकोपीट येतं कुठून? आपल्याकडूनच. तमिळनाडूत पोल्लाचीला नारळाच्या सोडणाचे डोंगर. त्यातलं मीठ काढायला ते गोड्या पाण्यानं धुवायचं, मग कॅल्शियम नायट्रेटमध्ये भिजवायचं, दाबून विटा करायच्या आणि जहाजानं इकडे पाठवायच्या. नारायणगाव-जुन्नरचा रोपवाटिकावाला प्रो-ट्रेमध्ये टोमॅटोची रोपं करायला तेच वापरतो. इथल्या दलदलीचं पाणी वाचवायला कोइंबतूरकडचं पाणी?

वहिनी: म्हणूनच मी मुख्यतः साल म्हणते, कोकोपीट नाही. ज्या देशात जे निघतं ते त्याच्या कुंडीत जावं. अमेरिकेच्या दक्षिणेकडे पाइनची जंगलं आहेत, तिथल्या नर्सऱ्या कित्येक दशकं पाइनच्या सालीवर उभ्या आहेत. ऑस्ट्रेलियातही तेच. त्यांनी हे धर्म म्हणून केलं नाही, जे हाताशी होतं ते वापरलं. आणि फायदाही झाला. ओहायो स्टेट विद्यापीठात हॅरी हॉइटिंक यांनी १९७० च्या दशकापासून अभ्यास करून दाखवलं की नीट कुजवलेल्या सालीत मूळकूज कमी होते. मुळं कुजवणाऱ्या फायटोफ्थोरा, पिथियम यांना तिथले सूक्ष्मजीव डोकं वर काढू देत नाहीत. त्या सूक्ष्मजीवांतली एक बुरशी ट्रायकोडर्मा.

भावोजी: ट्रायकोडर्मा आमचा गावाकडचा भाऊ पाकिटातून आणून आल्याला घालतो.

वहिनी: सालीत ती आपोआप येऊन राहते. पीट स्वच्छ असतं म्हणता ना, त्या स्वच्छ घरात रोग शिरला तर अडवणारं कुणी नसतं.

भावोजी: हे मी नाकारत नाही. सालीत वाढवलेल्या झुडपांची मुळं पांढरीशुभ्र असतात, ते मी बघितलंय. निचरा चांगला, म्हणून हिवाळ्यात कुंडीत मूळ सडत नाही. वर्ष-दोन वर्षं कुंडीत राहणाऱ्या झाडांना साल पीटपेक्षा बरी. माझी अडचण सहा आठवड्यांत विकायच्या रोपांची आहे. ते माझ्या काचगृहात असेपर्यंत मी सांभाळतो. मग लॉरी, मग सुपरमार्केटच्या दारातली मांडणी. तिथे पाणी कोण घालतो? पीट तीन दिवस ओल धरून ठेवतं. सालीतलं रोप दुसऱ्या दिवशी मान टाकतं आणि परत माझ्याच नावावर येतं.

वहिनी: मग दोष मांडणीचा.

भावोजी: दोष मांडणीचा, नुकसान माझं. कुंडीमागे दोन पेनी वाढले तरी सुपरमार्केट भाव वाढवून देत नाही. आणि मी नाही म्हटलं तर हॉलंडची रोपं येतात, पीटमध्येच वाढलेली. आयर्लंडचं काय झालं आठवतं ना? तिथल्या सरकारी बोर्ड ना मोनानं २०२१ च्या जानेवारीत पीट काढणं कायमचं बंद केलं. त्याच वर्षी लाटव्हियाहून जहाजभर पीट ड्रोहेडा बंदरात उतरलं. दलदल वाचली नाही, फक्त तिचा देश बदलला.

वहिनी: आयर्लंडची वाचली, लाटव्हियाची गेली. म्हणून काढण्यावर बंदी पुरत नाही, विकण्यावरही हवी. इथे निघालेलं असो की बाहेरून आलेलं.

भावोजी: आणि बाहेरून आलेल्या रोपाच्या कुंडीतलं?

वहिनी: तेही. नाही तर ती बंदी फक्त तुमच्यावर बसेल.

भावोजी: हे लिहून द्या, मग मी तुमच्या बाजूला येतो.

वहिनी: पूर्ण?

भावोजी: पूर्ण नाही. लेट्यूसचे ब्लॉक आणि अळिंबी शेवटी ठेवा. मुदत द्या आणि ती पुढे ढकलू नका. सालीवर जळाऊ लाकडाचं अनुदान नको, म्हणजे ती बॉयलरऐवजी कुंडीत येईल. सुपरमार्केटनं मांडणीवरच्या रोपांना पाणी घालायला माणूस ठेवावा. बाकी पॅन्सी, प्रिम्युला, जिरॅनियम सगळं सालीत येतं. मी वाढवून विकलंय. गिऱ्हाइकाला फरक कळला नाही.